हातावरचे वजन

काटा स्थिरावेपर्यंत कुणी बोलायचे नाही, हा आप्पांचा नियम. आप्पांना जाऊन नऊ वर्षे झाली, पण नियम खालच्या कारखान्यातून जिना चढून वर घरात आला होता आणि घरचाच होऊन राहिला होता. कुणी काही अवघड बोलले, की ते बोलणे पारड्यात पडल्यासारखे सगळे गप्प होत. ते वरखाली होऊन थांबेपर्यंत दुसरे कुणी त्यावर काही टाकत नसे. तराजू करणाऱ्यांच्या या घरात अकरा वर्षांपूर्वी आप्पांची धाकटी सून म्हणून आलेल्या धाकटीला प्रथम या शांततेची भीती वाटली होती. पुढे सवय झाली. अलीकडे मात्र ती भीती पुन्हा परतली होती, कारण अलीकडे त्या शांततेत आतल्या खोलीतून आणखी कुणीतरी ऐकत असे.

त्या रविवारी जेवणे उरकत आली असताना थोरले दीर दादा म्हणाले, "मूळ संच द्यायचं ठरवलंय मी. चार वाजता माणूस येतोय बघायला."

चमचे ताटांत थांबले. आतल्या खोलीचे दार बोटभर उघडे होते.

"नाही," धाकटीचा नवरा म्हणाला.

काटा अजून हलत होता. आप्पांचा नियम त्याने मोडलेला धाकटीने आजवर पाहिला नव्हता. तो मुळात बोलणारा माणूस नव्हे. लेथवर वाकून पितळेचा रेशमासारखा बारीक कुरळा कीस काढत राहणारा, जेवायला तीनदा हाका माराव्या लागणारा. त्याचे कान लाल झाले होते. धाकटीला त्याही स्थितीत बरे वाटले, कारण गेले वर्षभर तिला जे म्हणायचे होते आणि म्हणवत नव्हते, ते आज तो म्हणाला होता.

"छोट्या, आधी घास गीळ," वन्सं म्हणाल्या. दोघा भावांची ही थोरली बहीण. कोपऱ्यावर त्यांचे औषधांचे दुकान होते, आणि दर रविवारी त्या महिन्याभराच्या गोळ्यांची पिशवी घेऊन येत, खरेदीच्या भावात. "घास गीळ आणि मग नाही म्हण. घशात अडकून मेलास तर तुझ्यावरचा खर्च कोण करणार?"

कुणी हसले नाही. वन्संच्या विनोदांना या घरात हल्ली कुणी हसत नसे, आणि वन्संनीही त्यासाठी थांबणे सोडून दिले होते.

मूळ संच म्हणजे आप्पांनी तरुणपणी स्वतः ओतून, घासून, वर्षभर तपासून केलेली सहा पितळी वजने: पाच किलो, दोन किलो, एक किलो, आणि खाली उतरत शंभर ग्रॅमपर्यंत. हिरव्या मखमलीच्या पेटीत ती निजलेली असत. त्यांना उघड्या हाताने शिवायचे नाही. चामडे लावलेल्या चिमट्यानेच उचलायचे, कारण बोटाच्या घामानेही वजन बदलते. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक तराजू आधी या सहा जणांसमोर उभा राही. ते खरा म्हणाले तर खरा. संच गेला, तर कारखाना उरला असता. पण त्याचा शब्द उरला नसता.

"आपण मग दुरुस्त्याच करायच्या का?" नवऱ्याने विचारले.

"दुरुस्त्या तर दुरुस्त्या."

"आणि खरं-खोटं?"

"दुसऱ्याच्या संचावर तपासून आणायचं. पैसे देऊन. बाकीचे नाही आणत?" दादांनी ताट पुढे सारले. गेल्या दोन वर्षांत त्यांची मान खांद्यांत बुडत चालली होती, आणि समोरच्याकडे पाहायचे तर त्यांना भुवया उचलाव्या लागत. "मी काय हौसेनं देतोय? तिच्या पाठीत ते दुखणं दाबणारं यंत्र बसवायचं तर दुसरं काय आहे घरात द्यायला? तूच सांग."

घरात द्यायला काय आहे, याचे उत्तर चौघांनाही तोंडपाठ होते. भिंतींवर फिकट चौकोन होते. जिथे कपाट होते तिथे फरशी अजून नवी दिसे.

या घरात उपचाराची किंमत कुणी पैशांत बोलत नसे. ती कारखान्याच्या दिवसांत बोलली जाई. महिन्याचे इंजेक्शन म्हणजे अकरा दिवस. गोळ्या, वन्संच्या भावातही, पाच दिवस. हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईचे सहा. बसच्या धक्क्यांनी जीव जातो म्हणून इस्पितळापर्यंत जी गाडी करावी लागे, तिचे दोन. आणि शिवाय ते दोन दिवस वेगळेच, जेव्हा दादा इस्पितळाच्या बाकावर बसून असत आणि खाली यंत्रे झाकलेली राहत. दुखणे महिन्यातले सव्वीस दिवस खाई. उरलेल्या चारांत चार माणसे जेवत.

विम्याच्या कचेरीतून आलेले पत्र दादांनी पाकिटात घडी करून ठेवले होते. घडीवर ते फाटू लागले होते. त्यात एकच ओळ कामाची होती: हाड पूर्णपणे जुळलेले असल्याने पुढील खर्च मान्य करता येत नाही.

हाड जुळले होते, हे खरेच होते.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या जाऊबाई जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढले तेव्हा हाड सरळ, आणि हात परक्याचा झालेला. कधी निळा, कधी लालभडक. उन्हाळ्यात बर्फासारखा गार, आणि आतून, जाऊबाईंच्या शब्दांत, भट्टीत धरल्यासारखा. पांघरुणाचा धागा लागला तरी दातावर दात बसत. वेदनेच्या डॉक्टरने समजावून सांगितले होते, की काही माणसांत असे होते. इजा निघून जाते आणि दुखणे मागे राहते. वन्संना ते पटायला आठ महिने लागले. "जुळलेलं हाड दुखत नाही, मी तीस वर्षं औषधं विकतेय," असे त्या म्हणत. मग एकदा त्यांनी जाऊबाईंच्या हातावर नुसती फुंकर घातली. त्यानंतर त्या तसे कधी म्हणाल्या नाहीत.

आणि तो हात साधासुधा नव्हता. कारखान्यात शेवटची तपासणी जाऊबाईंची असे. संचावर उतरलेले नवे वजन त्या एकवार तळहातावर घेत, डोळे मिटत, आणि म्हणत, "दोन ग्रॅम कमी." दादा पुन्हा तोलून बघत. दोन ग्रॅम कमी असे. आप्पा याला हातमाप म्हणत. ते शिकवता येत नाही, असेही म्हणत. धाकटीला त्यांनी हौसेने शिकवून पाहिले होते. तिला शंभर ग्रॅम आणि दोनशे यांतला फरक सांगता आला नाही, आणि तेव्हापासून घरात तिच्या हाताचे नाव "लाकडी हात" पडले ते पडलेच.

पहिली वस्तू विकली ती धाकटीचेच शिलाईचे मशीन. तेव्हा तिने हसत दिले होते. माणूस मागच्या दाराने घेऊन गेला. जाऊबाईंना सांगायचे नाही असे ठरले, उगाच मनाला लावून घेतील. संध्याकाळी धाकटी चहा घेऊन आत गेली, तर जाऊबाई उशीवर ठेवलेल्या हाताकडे पाहत होत्या.

"साडेअकरा किलो," त्या म्हणाल्या. "तुझं मशीन गेलं ना गं?"

कुणी सांगितले असेल, असे धाकटीने स्वतःला समजावले. मग कपाट गेले. मग आप्पांची आरामखुर्ची. मग वन्संनी गळ्यातली साखळी काढून दिली, तीही रस्त्याच्या पलीकडे, आपल्याच दुकानात. घरात पाऊल न टाकता. त्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "अठरा ग्रॅम. हे कुणाचं, ते कळत नाही. पण आजवरचं सगळ्यांत जड आहे."

तेव्हापासून सगळ्यांनी लपवणे सोडले, आणि त्याबद्दल बोलणेही सोडले. फक्त धाकटीने एक गोष्ट पाहून ठेवली होती आणि ती नवऱ्यालाही सांगितली नव्हती. जाऊबाई आंघोळीला गेल्या की ती हाताखालची उशी झटकायला घेई. उशीत एक खड्डा असे. वाळलेल्या फांदीसारख्या त्या हाताने पडावा, त्याहून फार खोल. कापूस पिंजून, उशी उन्हात टाकूनही तो भरून येत नसे. दोन वर्षांत तीन उशा बदलल्या होत्या.

"तीन वाजले," दादा म्हणाले. "गोळीची वेळ झाली तिची."

धाकटी उठली. मागे तिच्या नवऱ्याचा आवाज आला, हळू, जवळजवळ विनवणीचा. निदान आज नको. पेटी उघडायला नको. आपण आणखी एखादा महिना बघू. वन्संनी त्याचीच री ओढली. संच गेला तर आप्पांचे नावच गेले, त्यांनी आयुष्यभर आपल्याला दुसरे काय दिले, असे त्या म्हणाल्या. दोघे एका बाजूला, दादा एका बाजूला. धाकटीने मनात आपले वजन नवऱ्याच्या पारड्यात टाकले आणि दार लोटले.

खोलीत पडदे ओढलेले होते, कारण जाऊबाईंच्या हाताला ऊनही जड होई. पलंगाचा उजवा पाय फरशीत किंचित रुतलेला होता. धाकटीने पाणी आणि गोळी डाव्या हातात दिली.

"छोटे भाऊजी नको म्हणतायत," जाऊबाई म्हणाल्या.

"कारखान्याचा विचार करतायत ते."

"नाही गं." जाऊबाईंनी गोळी गिळली. "पेटी उघडायला घाबरतायत. दोनचं वजन पेटीत नाही."

धाकटीला वाटले, हे गोळ्यांमुळे असेल. गोळ्यांनी कधी कधी त्यांचे शब्द लांबून चालत आल्यासारखे येत. ती म्हणाली, की परवाच तिने दादांना संच काढून तपासणी करताना पाहिले. सहाच्या सहा होती.

"सहा असतील. पण आप्पांचं दोन किलो मागच्या महिन्यात गेलं. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी, दुपारी." त्यांनी उशीवरच्या हाताकडे नजर नेली. तो जांभळा पडला होता आणि नखे काचेसारखी चमकत होती. "इथं आहे ते. आप्पांचं पितळ ओळखू येतं मला. गार असतं, पण बोचत नाही."

"मग दादांना का नाही सांगितलंत?"

"माझ्यासाठी कुणी चोरी केली, हे मी कुणाला सांगू?"

खालच्या मजल्यावर कुठेतरी एक पारडे हलले आणि साखळी किणकिणली. वारा नव्हता.

"जाऊबाई," धाकटीने विचारले, आणि विचारल्यावर तिला कळले की हा प्रश्न दोन वर्षे तिच्या ओठांवर होता, "यंत्र बसवल्यावर हे सगळं उतरेल का?"

"दुखणं उतरेल, म्हणतात डॉक्टर. निम्मं तरी." जाऊबाईंनी पाण्याचा पेला परत दिला. "पण वजन म्हणजे दुखणं नव्हे. दुखणं माझं आहे. वजन तुमचं आहे."

---

माणूस बरोबर चारला आला. बारीक, मऊ आवाजाचा, जुनी मापे जमवणारा. त्याने स्वतःचे पांढरे हातमोजे आणले होते आणि स्वतःची तपासणीची वजनेही, आणि त्यासाठी त्याने आधीच क्षमा मागितली. दादा म्हणाले, तपासणीचा राग धरणारा माणूस या धंद्यात नसतो.

काचेच्या पेटीतला मोठा तराजू खिडकीपासून दूर, दगडी ओट्यावर होता. चौघे त्याच्याभोवती उभे राहिले. भिंतीवर टांगलेले बाकीचे तराजू दुपारच्या उजेडात स्तब्ध होते. पण धाकटीने पाहिले, की सगळ्यांची पारडी एकाच बाजूला, केसभर, झुकलेली होती. उजवीकडे. वर, त्या बाजूला जाऊबाईंचा पलंग होता.

तिने नवऱ्याकडे पाहिले. तो लेथला पाठ टेकून उभा होता आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत होता.

माणसाने चिमट्याने पाचचे वजन उचलले. काचेचे दार लावले. काटा हलला, रेंगाळला, थांबला. सगळे गप्प होते, आणि बाहेरच्या त्या माणसालाही नियम न सांगता कळला असावा, कारण तोही गप्प राहिला.

"केसभर झिजलंय," शेवटी तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत एवढं झिजणारच. सुंदर आहे."

एक किलो झिजलेले होते. पाचशे झिजलेले होते. दोनशे आणि शंभरही, त्यांच्या त्यांच्या वयाप्रमाणे. चिमट्याच्या चामड्याने आणि हजारो तराजूंच्या पारड्यांनी त्यांच्यातले काहीतरी, नखाच्या टोकावरही दिसणार नाही इतके, नेले होते. दोनचे वजन त्याने शेवटी ठेवले होते.

काटा फिरला आणि मधोमध उभा राहिला. तो थरथरलाही नाही.

"वा," माणूस म्हणाला. "हे तर कालच केल्यासारखं आहे. निर्दोष."

धाकटीला तराजूतले फारसे कळत नव्हते. पण तिला दादांचा चेहरा कळला. त्यांनी भुवया उचलल्या, आणि ते आधी वजनाकडे, मग लेथकडे, मग भावाकडे पाहत राहिले. सहा भावंडांतली पाच म्हातारी झाली होती आणि एक तसेच तरुण राहिले होते. दुसऱ्या कुणाही चोराने खोटे वजन जरा हलके केले असते, आणि ते म्हातारे म्हणून खपून गेले असते. पण हा या घरचा मुलगा होता. त्याच्या हातून कमी वजन होईना. चोरी झाकायलाही त्याने काटेकोर खरे वजन केले होते.

काटा केव्हाच स्थिरावला होता. बोलायला मुभा होती. कुणी बोलत नव्हते.

पहिल्या वन्सं बोलल्या. "आप्पांचा हातच तसा होता," त्या माणसाला म्हणाल्या. "दोनच्या वजनावर त्यांचा भारी जीव. वापरायचेच नाहीत ते."

तासाभरापूर्वी हीच बाई आप्पांच्या नावासाठी भांडत होती. धाकटीने त्यांच्याकडे पाहिले. वन्संनी नजर दिली नाही. त्यांचा हात नकळत गळ्याशी गेला होता, जिथे पूर्वी साखळी असे. आणि दादा, ज्यांनी एका ग्रॅमसाठी गिऱ्हाइके परत पाठवली होती, तेही गप्पच राहिले. त्यांच्या गप्प बसण्यात कारखान्याची दोन वर्षे नऊ महिने होते. यंत्राची किंमत तेवढी होती, आणि हा माणूस पूर्ण संचाला ती द्यायला तयार होता. फक्त गप्प बसायचे होते. या घराला ते शिकवायची गरज नव्हती.

वर पलंग करकरला.

आवाज बारीकच होता. पण भिंतीवरची सगळी पारडी एकदम, एक बोटभर, आणखी उजवीकडे झुकली. माणसाने वर पाहिले आणि नम्रपणे विचारले, वर कुणी आजारी आहे का. दादा हो म्हणाले.

धाकटी नवऱ्याजवळ गेली. इतकी जवळ, की त्याच्या सदऱ्याला येणारा पितळेचा वास तिला आला. अकरा वर्षांत ती त्याला चारचौघांत कधी काही बोलली नव्हती.

"तुम्ही सांगताय, का मी सांगू?" ती पुटपुटली.

त्याने तिच्याकडे असे पाहिले, की जणू ती जिन्याच्या खूप वरच्या पायरीवर उभी आहे.

"ते आप्पांचं नाही," तो म्हणाला. आवाज फुटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटले. "दोनचं आप्पांचं नाही. मी केलंय ते. खरं मी विकलं."

दादा ओट्याचा आधार घेऊन खाली बसले.

मग बाकीचे त्याने जमिनीकडे पाहत सांगितले. मागच्या महिन्यात इंजेक्शनला अकरा दिवस लागत होते आणि दादांकडे आठच होते. दादा इस्पितळात फोन करून एक महिना पुढे ढकलता येईल का, असे विचारत होते. ते त्याने जिन्यात ऐकले. त्याच दुपारी तो वजन रुमालात गुंडाळून जुन्या सामानाच्या दुकानात गेला. त्या दुकानदाराने ते पितळ म्हणून घेतले, पितळाच्या भावात, आणि वरून थोडे उपकार म्हणून. तीन दिवस भरून निघाले. परत सोडवायला गेला, तोवर ते पुढे गेले होते. मग सात संध्याकाळी तो लेथवर बसला. दादांना वाटले, त्याच्याकडे काम आले आहे.

"पितळाच्या भावात," दादा म्हणाले. एवढेच ते म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत शिव्या, माया आणि आप्पा सगळे होते.

धाकटीच्या मनात जे उमटले, त्याची तिला लाज वाटली. मशीन गेले तेव्हा ती हसली होती. तेव्हापासून ती मनात मोजत होती, आपल्याकडून किती गेले आणि दादांकडून किती. आणि ज्याला ती आपल्या बाजूचा समजत होती, त्याने तिला न विचारता आपल्या बाजूचे सर्वांत मोठे वजन उचलून पलीकडे ठेवले होते.

माणसाने हातमोजे काढले. "मला कळलं नसतं हो," तो म्हणाला.

"ते दिसलं आम्हाला," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हणून तर अवघड गेलं."

मोडक्या संचाला पूर्ण संचाचा भाव येत नाही, हे त्याने ओशाळत सांगितले. जे तो देऊ शकत होता, ते यंत्राच्या निम्म्याहून थोडे अधिक होते. मग दादा भावाला उद्देशून बोलू लागले, जणू घरात फक्त दोघेच होते. यंत्र एकदम बसवत नाहीत. आधी आठ दिवस नुसत्या तारा घालून बघतात, गुण येतो का. तेवढे यात होईल. वर चार-पाच इंजेक्शनेही होतील. गुण आला तर पुढचे पुढे बघू. दोघांना मिळून दुरुस्त्या करायच्याच आहेत.

"तुझं दोनचं मात्र राहू दे," ते म्हणाले. "ते खरं आहे. दोनपर्यंतचे तराजू आपण अजून तपासू शकतो."

माणसाने ते तरुण वजन विकत मागितले, कारण असे काम त्याने पाहिले नव्हते. दोघे भाऊ एकदमच नाही म्हणाले. त्या दुपारी ते पहिल्यांदाच एका बाजूला होते.

मग नवऱ्याने चिमटा हातात घेतला आणि पहिले वजन माणसाच्या पेटीत ठेवले. खट्. वरून एक श्वास ऐकू आला.

धाकटी जिन्याकडे धावली.

---

जाऊबाई उठून बसल्या होत्या. उशी बाजूला पडली होती, आणि उजवा हात त्यांनी समोर, अधांतरी, तळवा वर करून धरला होता. पूर्वी खाली बाकावर बसून धरत तसा. दोन वर्षांत तो हात कुणी हवेत पाहिला नव्हता.

खाली आणखी एक खट् झाले. हात बोटभर खाली गेला.

"शंभर," जाऊबाई म्हणाल्या. "आणि हे दोनशे."

"खाली ठेवा हात. उशी देते."

"उशीला पेलत नाही आता." त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज कामाचा होता, शांत. "पाचशे."

धाकटी पलंगाशी गुडघे टेकून बसली. हाताचा रंग तिच्या डोळ्यांदेखत गडद होत होता. खाली भाऊ काहीतरी बोलत होते, माणूस काहीतरी म्हणत होता, आणि मग पुन्हा पितळ मखमलीवर टेकल्याचा तो मऊ, बंद आवाज आला. एक किलो. मनगट थरथरू लागले. जुळलेल्या त्या हाडाच्या जागी कातडी ताणून पांढरी झाली.

आता पाचचे राहिले होते. धाकटीला ते माहीत होते. आणि तिला हेही माहीत होते, की या हाताला फुंकरही सोसत नाही. ती विचार करत बसली असती, तर तिने ते केले नसते. तिने आपला तळवा जाऊबाईंच्या तळव्याखाली नेला आणि अलगद टेकवला.

जाऊबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटले.

खाली शेवटचे खट् झाले. पेटीचे झाकण लागले.

धाकटीला प्रथम गारवा जाणवला. लखलखीत, तरी न बोचणारा. मग तिचा हात खाली जाऊ लागला. तिने खांदा घट्ट केला, कोपर गुडघ्यावर रोवले. तरीही तो जात राहिला, आणि मग एका जागी येऊन थांबला. हातावर दुसऱ्या एका हाताशिवाय काही नव्हते. त्याची हाडे चिमणीएवढी होती. आणि तरी तळव्याच्या मधोमध काहीतरी गोल, भरीव, नेमके येऊन बसले होते.

"आलं?" जाऊबाईंनी विचारले.

"हो."

"किती?"

खाली माणूस निरोप घेत होता, दाराची कडी वाजली, दोन भावांची पावले ओट्यापाशी परत आली. धाकटीने आप्पांचा नियम पाळला. हाताच्या आत जे वरखाली होत होते, ते पूर्ण थांबेपर्यंत ती गप्प राहिली. अकरा वर्षे ज्या हाताला घर हसले होते, त्या हाताला आता काही शंका उरली नव्हती.

"आप्पांचं दोन किलो," ती म्हणाली. "पूर्ण. जरासं झिजलेलं आहे."

जाऊबाईंनी डोळे उघडले आणि आपला हात सावकाश वर उचलून घेतला. तो थोडासा, पण दिसेल इतका, सहज उचलला गेला.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

खालून नवऱ्याने धाकटीला हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. येते, असे तिने सांगितले, आणि डावा हात पलंगावर टेकून ती उठली.